टेनचा फोटो लावलेलं सेव्हन

सुरुवातीलाच माफी मागतो. आठवणी लिहाव्यात इतकं माझं वय नाही आणि कॉम्प्युटरवर लिहावं इतकं माझं शिक्षण नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या आधीच्या सगळ्यांनी मेंढरं वळली. त्यामुळं चार लोकांत बोलायची वेळ आली की मी आधी दुसरं कोणी बोलतंय का ते बघतो. पण गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात आमचे टायपिंग क्लासचे सर भेटले. सरबताचा ग्लास हातात धरून ते पाहुण्यांना सांगत होते, "या एरियात नवीन विंडोज सगळ्यात आधी मी आणली. मुलांचा स्पीड कुठल्या कुठं गेला." पाहुणे माना हलवत होते. मीही हलवली. घरी आल्यावर मात्र मला माझ्याच त्या मानेचा राग आला, आणि म्हणून हे लिहायला बसलो. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ही गोष्ट दुष्काळाच्या वर्षांतली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. नळाला पाणी आठवड्यातून एखाद वेळी यायचं, तेही कधी येईल याचा भरवसा नसायचा. आणि त्याच वर्षांत शहर असं वाढत होतं की विचारू नका. वाढत होतं म्हणजे काय, तर पडीक रानात चुन्याच्या रेघा मारायच्या आणि कडेला मोठा बोर्ड लावायचा. बोर्डावर एक गोरं कुटुंब आणि त्यांच्या मागं उडणारं कारंजं. त्या बोर्डाच्या खांबाला टेकून बायका टँकरची वाट बघत उभ्या असायच्या. कारंज्याकडं कुणी मान वर करूनही बघत नसे.

पुंडलिकनगरात एका खोलीत मी आणि माझी थोरली बहीण राहत होतो. आमचे भाऊजी एका सरकारी कचेरीत शिपाई होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी ताईला अनुकंपावर लिपिकाची नोकरी मिळाली. ती बारावी झाली होती, तीही बाहेरून, लग्नानंतर. पोराला गावाकडं आईजवळ ठेवून ती शहरात आली. नोकरीला एक अट होती: ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली. पहिल्या खेपेला ती नापास झाली होती. मुदतीच्या आत आता एकच परीक्षा उरली होती. बाकी मी पुढं जे काही सांगणार आहे, त्यात विंडोजचं कितीही सेव्हन आणि टेन आलं, तरी खरी गोष्ट एवढीच आहे.

कचेरीतले मोठे बाबू तिला ऐकवायचे, "बाई, तुमचं पत्र टाईप होईपर्यंत अर्जदार रिटायर होतो."

ताई मान खाली घालून म्हणायची, "व्हय साहेब, पर तुमचा चहा तेवढा संपत नाय बघा तवर."

असं बोलून ती घरी येऊन रडायची, हे मात्र बाबूंना माहीत नव्हतं.

आमच्याच गल्लीत पिठाच्या गिरणीवर पहिल्या मजल्याला सरांचा टायपिंग क्लास होता. टाईपरायटरची परीक्षा बंद होऊन कॉम्प्युटरवरची सुरू झाली तेव्हा सरांनी सगळे टाईपरायटर भंगारात घातले आणि वाळूजच्या कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेले कॉम्प्युटर आणून मांडले. मी तेव्हा बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सकाळी क्लास उघडणं, मशिनं चालू करणं, माऊस हरवला तर शोधणं ही माझी कामं. त्याच्या बदल्यात ताईला क्लास मोफत. त्या मशिनांवर तेव्हा सेव्हन होतं. सगळे तसंच म्हणायचे, विंडोज वगैरे कुणी म्हणत नसे. मशिनं जुनी, मेमरी बेताची, गिरणीचं पीठ खिडकीतून येऊन पंख्यांवर थर धरून बसलेलं. तरी सेव्हन चालायचं. बटन दाबलं की अक्षर पडायचं. यापेक्षा जास्त टायपिंगच्या क्लासला काय पाहिजे असतं?

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं कॉम्प्युटर कुणी बंद करत नसे. मेन पाडायची. गिरणीवाले काका घरमालक होते. त्यांच्या तरुणपणी कधीतरी शॉर्टसर्किटनं गिरणीचा पट्टा जळाला होता, तेव्हापासून रात्री क्लास सुटला की ते जिन्यातून ओरडायचे, "पाडू का रं?" आणि उत्तराची वाट न बघता मेन स्विच खाली. मुलामुलींनी पिशव्या उचललेल्या असायच्या, पडद्यावर अर्धा उतारा तसाच, आणि खटकन सगळा मजला काळा. त्याशिवाय दिवसा भारनियमन होतं ते वेगळंच. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच मेल्या होत्या. सेव्हनला या सगळ्याची सवय होती. सकाळी चालू केलं की ते काळ्या पडद्यावर विचारायचं, नीट बंद केलं नव्हतं, आता कसं चालू करू? मी 'नेहमीसारखं' वर बटन दाबायचो आणि ते खरंच नेहमीसारखं चालू व्हायचं. मला ते आमच्या गावातल्या एखाद्या सोशिक माणसासारखं वाटायचं. रोज धक्का मारून बाहेर काढलं तरी सकाळी विचारणारं, येऊ का?

त्याच सुमाराला टेन आलं. जालना रोडवरच्या एका दुकानातला माणूस क्लासमध्ये डेमो द्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलणं अर्धं हिंदीत. त्यानं आमचीच दोन मशिनं शेजारी शेजारी मांडली. एकावर सेव्हन, दुसऱ्यावर त्यानं आदल्या दिवशी घालून ठेवलेलं टेन. दोन्ही मशिनं त्यानं मेनूत जाऊन, अगदी अदबीनं बंद केली. आमच्या क्लासमध्ये एखादं मशिन तसं बंद होताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"देखो, एक साथ बटन दाबतो," तो म्हणाला. "जो पहले तयार, वो जिंदा. जो पीछे, वो भंगार."

मुलं गोळा झाली. काकासुद्धा पिठाच्या अंगानं वर आले. बटनं दाबली गेली. टेन निम्म्या वेळात तयार झालं, आणि सेव्हन अजून त्या चार रंगांच्या ठिपक्यांशीच खेळत होतं.

"कौन जीता?"

"नवीन!" मुलं ओरडली. काकांनी टाळी वाजवली, तसा पिठाचा एक ढग उठला.

एवढीच तुलना झाली. एका टायपिंगच्या क्लासमध्ये, टायपिंगसाठी घ्यायच्या गोष्टीची तुलना झाली, आणि त्यात कुणी एक अक्षर टाईप केलं नाही. मी हळूच म्हणालो, "सर, एक उतारा टाईप करून बघू या का दोन्हीवर?"

सर माझ्याकडं बघून हसले. "अरे भाई, जमाना कुठं चाललाय आणि तू कुठं बसलाय? चालू व्हायलाच जे फास्ट, ते पळायला स्लो असेल का?"

डेमोवाला म्हणाला, "कॉलेज में पढता है क्या?" मी हो म्हणालो. "तभी," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

मला तेव्हा पुरतं माहीत नव्हतं. नंतर कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या मॅडमना विचारलं तेव्हा कळलं. टेनला मेनूतून बंद केलं की ते पूर्ण बंद होतच नाही. आपली अर्धी जुळवाजुळव डिस्कवर लिहून ठेवतं आणि झोपतं. सकाळी उठलं की तेच पुढं चालू. म्हणून लवकर उठतं. पण मेन पाडली तर त्याला काही लिहून ठेवायला वेळ मिळत नाही. मग सगळं पहिल्यापासून, वर कुठं काही मोडलं का याची तपासणी. म्हणजे डेमोवाल्यानं शर्यत लावली होती ती एक पूर्ण झोपलेला आणि एक डोळे मिटून पडलेला, अशा दोघांत. आणि आमच्याकडं तर काका दोघांच्याही डोक्यात रोज रात्री धोंडा घालणार होते.

सगळ्या मशिनांवर टेन पडलं. बाहेर नवा बोर्ड लागला: 'अत्याधुनिक प्रणालीवर टायपिंग'. सरांनी बोर्डावर एक रॉकेटही रंगवून घेतलं.

दुसऱ्या सकाळी मी क्लास उघडला आणि मशिनं चालू केली. पडदे निळे झाले. एक गोल फिरायला लागला. खाली लिहून आलं की दुरुस्ती चालू आहे. पहिल्या बॅचच्या मुली येऊन बसल्या, ओढण्या सावरल्या, बोटं बटनांवर ठेवली आणि गोल फिरताना बघत राहिल्या. एक म्हणाली, "दादा, रॉकेट उडायला किती टाईम आहे?" बॅच संपायला आली तेव्हा निम्मी मशिनं जागी झाली होती. जागी झाली ती लगेच सरांच्या डोंगलवरचं नेट ओढून आणखी काही उतरवून घ्यायला लागली. दुपारपर्यंत सरांचं त्या दिवसाचं नेट खलास. सर मुलांवर ओरडले, "कोण पिक्चर बघतंय रे?" कुणीच बघत नव्हतं. मशिनंच आपापसात काय ते बघत होती.

पण चालू व्हायचं सोडा. खरा त्रास चालू झाल्यावर होता. डिस्कचा लाल दिवा विझायचाच नाही. ताई संध्याकाळी कचेरीतून यायची, पाणी पिऊन बसायची आणि टाईप करायला लागायची. तिची बोटं पुढं जायची आणि अक्षरं मागून यायची, एखादं लंगडं कोकरू कळपामागं यावं तशी. मग एकदम सात-आठ अक्षरं भसाभस पडायची. टायपिंगमध्ये नजर उताऱ्यावर ठेवायची असते. ताई ते मोठ्या कष्टानं शिकली होती. आता ती दर शब्दाला पडद्याकडं बघायला लागली, अक्षर पडलं की नाही ते. नाही पडलं असं वाटून पुन्हा दाबायची, आणि मग ते दोनदा पडायचं. सेव्हनवर ती तिसाच्या थोडी वरच पोचली होती. पंधरा दिवसांत ती विसाच्या आसपास आली.

"माझी बोटंच मेली रं," ती म्हणाली. रात्री भाकरी करताना ती ओट्यावर बोटं आपटून बघायची, खरंच मेली की काय.

मी म्हणालो, "बोटांचं नाय ताई, मशिनाचं आहे."

"सर तर म्हनत्यात बोटांचं."

सर तसंच म्हणत होते. क्लासमधल्या एकूण एकाचा स्पीड पडला होता, आणि सर एकूण एकाला सांगत होते की तुझा हात बसला नाही. इतक्या मुलामुलींचे हात एकाच आठवड्यात उठून कुठं गेले असतील, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नव्हता. मला त्या माणसाचं आजही आश्चर्य वाटतं. स्वतःच्या डोळ्यांसमोर अक्षर उशिरा पडताना दिसतंय, आणि तो दोष देतो बोटाला, कारण बोट फुकटचं आहे आणि बोर्ड रंगवून झाला आहे.

शेवटी मी ठरवलं की वाद घालायचा नाही, मोजून दाखवायचं. कॉलेजात निदान एवढं तरी शिकवलं होतं की तुलना करायची तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. मी सरांची परवानगी घेऊन खिडकीजवळच्या मशिनवर परत सेव्हन घातलं. त्या कोपऱ्यात पीठ सगळ्यात जास्त यायचं, त्यामुळं तिथं कुणी बसत नसे. सर म्हणाले, "त्या डब्याचं काय करायचं ते कर."

मोजायला क्लास रिकामा पाहिजे होता. तो एका रविवारी झाला. बॅच चालू असताना कुणाच्या तरी आईचा फोन आला, "पाणी आलं!" आणि पाच मिनिटांत अख्खा मजला ओस. त्या वर्षांत हा शब्द ऐकला की माणसं परीक्षेतूनही उठली असती. आमची खोली वरच्या मजल्यावर, तिथं पाणी चढायचंच नाही, म्हणून ताईला घाई नव्हती. खालच्या मावशी मागाहून दोन हंडे द्यायच्या.

दोन्ही मशिनं मी आतून फडक्यानं पुसली, दोघांचा कीबोर्ड एकसारखा लावला. उतारा एकच. खुर्चीसुद्धा तीच, इकडून तिकडं ओढत नेली. आधी टेनवर, मग सेव्हनवर. मग ताईच म्हणाली, "दुसऱ्या बारीला मला उतारा पाठ झाला असंल. उलटं करून बघू." म्हणून दुसरा उतारा घेतला आणि आधी सेव्हनवर, मग टेनवर. कसंही केलं तरी तेच. सेव्हनवर ती दोन्ही वेळा तिसाच्या जवळ गेली. टेनवर बाविसाच्या पुढं सरकेना, आणि चुका दुप्पट. तिचा घाम पुसून होईपर्यंत मी आकडे पुन्हा तपासले.

"म्हंजी बोटं जित्ती हायेत," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ, परीक्षेला सेंटरवर नवीन सिस्टिम असणार. जुन्यावर प्रॅक्टिस करून काय उपयोग? नव्याची सवय नको?"

सेंटरवर काय असेल हे मला माहीत नव्हतं. सरांनाही माहीत नव्हतं, पण त्यांना माहीत नसल्यानं त्यांचं काही अडत नव्हतं. माझं अडलं. आठ दिवस मला हेच सुचेना की ताईला कुठं बसवू. हळू मशिनवर बसवलं तर तिची लय मोडतेय. वेगातल्या मशिनवर बसवलं आणि सेंटरवरचं मशिन हळू निघालं, तर तिथं गेल्यावर पुन्हा तिला वाटणार बोटं मेली. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, मला चालायची सवय चांगल्या रस्त्यावर लागू दे. चिखल आला तर बघू तवा." आणि ती पीठ झटकून खिडकीजवळ बसली.

पण गुपित राहीना. एका मुलीनं सहज बसून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्या मशिनसमोर रांग लागली. बाकीची मशिनं रिकामी, आणि ज्या कोपऱ्यात कुणी फिरकत नव्हतं तिथं ढकलाढकली. "ताई, तुमचं झालं असंल तर उठा की." "माझा नंबर आधी हाये, दप्तर ठेवलंय मी." सरांना ते दिसलं. त्यांनी रागवायला तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यात एक पालक आले, मुलीचं नाव घालायला. सर घाईनं माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "त्याच्यावर टेनचा फोटो लाव."

मला आधी कळेना. मग कळलं. टेनच्या पडद्यावर निळ्या अंधारात उजेड आलेली एक खिडकी असते. तो फोटो मी नेटवरून उतरवला आणि सेव्हनवर लावला. खालची पट्टी लपवली. पालकांना त्या मशिनसमोर उभं केलं गेलं. ताई टाईप करत होती, अक्षरं टपाटप पडत होती.

"बघा," सर म्हणाले, "नवीन सिस्टिम."

"नव्याची बातच वेगळी," पालक म्हणाले आणि मुलीचं नाव घातलं.

त्याहून कहर पुढच्या आठवड्यात झाला. डेमोवाला दुसरं काही विकायला आला होता. तो फिरत फिरत खिडकीजवळ गेला, ताईच्या मागं उभा राहिला, आणि म्हणाला, "देखा सर? बोला था ना मैंने! मशिन वही पुराना, पर सिस्टिम का कमाल देखो." सर म्हणाले, "हां, मानना पडेगा." आणि ते खोटं बोलत नव्हते, हेच मला आजही उमगत नाही. फोटो त्यांनीच लावायला सांगितला होता, पण त्या क्षणी त्यांनाही ते टेनच वाटत होतं. ताईची पाठ हलत होती. मला वाटलं ती पुन्हा रडते की काय. ती हसू दाबत होती. ते दोघं गेल्यावर म्हणाली, "मेंढराला झूल घातली तर घोडा म्हनून इकतील हे."

मी टेनला शिव्या देत नाही, हे एवढं नीट लिहिलं पाहिजे. आता माझ्याजवळ बऱ्यापैकी मशिन आहे आणि त्याच्यावर टेनच्याही पुढचं चालतं, छान चालतं. पण तेव्हा ज्या मशिनला दोन घास पचत होते, त्याच्या ताटात लग्नाचं जेवण वाढलं होतं आणि वर विचारत होते, हे उठून नाचत का नाही. आमच्या शहरात तेव्हा सगळंच तसं चाललं होतं. नळ कोरडा, पण पालिकेवाले तोटी नवी बसवून जात. काका एकदा म्हणाले होते, "तोटी लई झ्याक हाय. आता पानी नसलं तरी शोभा येती."

परीक्षेचं सेंटर हर्सूलच्या पुढं एका नव्या कॉलेजात आलं. एवढी मोठी काचेची इमारत मी आतून कधी बघितली नव्हती, त्या दिवशीही नाही बघितली, कारण गेटच्या आत फक्त परीक्षार्थी. बाहेर आम्ही सगळे, कुणाचे नवरे, कुणाचे बाप, कुणाचे भाऊ, एका लिंबाखाली उभे होतो. आत हिरवळीवर टँकरचं पाणी मारणं चालू होतं. एक म्हातारा गजांना धरून ते बघत होता. "गवताला पाजतेत," तो म्हणाला. त्याच्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

ताई बाहेर आली ती वेळेच्या बऱ्याच नंतर, आणि तोंड उतरलेलं.

"काय झालं? झाला का पूर्ण?"

"झाला न्हाय झाला, मलाच कळंना. अर्धा उतारा झाला न पडदा निळा पडला. गोल फिराया लागला."

म्हणजे तिथं टेनच होतं. सरांचं एवढं तरी खरं निघालं, आणि ते मी मान्य करतो. ताईनं सांगितलं की तोपर्यंत मात्र मशिन वाऱ्यासारखं चाललं होतं, अगदी आपल्या खिडकीजवळच्यासारखं. साहजिक होतं. नव्या ताकदीच्या मशिनवरचं टेन हे आमच्या म्हाताऱ्या मशिनवरच्या सेव्हनसारखंच पळणार. सर म्हणायचे नव्याची सवय करा; आमच्याकडची नव्याची सवय म्हणजे थांबायची सवय होती.

"मग पर्यवेक्षक काय म्हणाले?"

"म्हनले, उठू नका, नवीन सिस्टिम हाय, आपोआप बरी व्हती. बसले मी. बाकीच्यांचं झालं, ते गेले. मग दुसऱ्या बॅचसंगं मला पुन्यांदा टाईप कराया लावलं. पर कुनी म्हनलं हे दुसरं धरतील, कुनी म्हनलं पयलंच अर्धं धरतील. इचारलं तर म्हनले, वरून ठरंल."

वरून म्हणजे कुठून, ते कुणी सांगितलं नाही. त्या काचेच्या इमारतीला वर आणखी मजले होते, एवढं खरं.

निकाल लांबला. वेबसाईट उघडत नसे. उघडली तर ताईच्या नंबरापुढं 'राखीव', म्हणजे निकाल राखून ठेवलाय, असं यायचं. तिकडं कचेरीत तिला पत्र मिळालं: प्रमाणपत्र मुदतीत सादर न केल्यास नियमाप्रमाणं कारवाई. ते पत्र तिलाच टाईप करायला लावलं होतं. बाबू म्हणाले, "बघू तरी स्पीड." तिनं केलं टाईप. चूक एकही नव्हती, असं ती मला दोनदा म्हणाली.

सरांना मी म्हणालो, सेंटरला क्लासकडून एक अर्ज देऊ, मशिन मध्येच बंद पडल्याचा. सर म्हणाले, "आपण सिस्टिमच्या विरोधात लिहायचं? बोर्डावर काय लिहिलंय आपण?" म्हणून अर्ज ताईनंच केला, आणि मी तो नेऊन दिला. घेणाऱ्यानं तो एका ढिगावर ठेवला. ढीग बराच उंच होता. म्हणजे गोल एकट्या ताईच्याच पडद्यावर फिरला नव्हता.

कॉलेजला सुट्ट्या लागल्या आणि मी गावाला गेलो. बा तिथं नव्हता. जायकवाडीचं पाणी फार मागं हटलं होतं, आणि ओल्या गाळावर बारीक हिरवं उगवलं होतं. आमच्याकडचे सगळे मेंढरं घेऊन धरणाच्या पोटात उतरले होते. मीही गेलो. चालावं तितकं मोकळं होतं. पाण्याखाली गेलेल्या एका जुन्या गावाचे ओटे आणि पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. त्या सगळ्या पसाऱ्यात मोबाईलला रेंज यायची ती फक्त एका उंच ओट्यावर. कुणीतरी एक माणूस सगळ्यांचे फोन घेऊन त्यावर बसायचा, आणि बाकीचे खाली मेंढरांमागं.

पाचव्या की सहाव्या दिवशी, ऊन उतरायच्या वेळेला, ओट्यावर माझे चुलते बसले होते. त्यांनी उभं राहून हात हलवला. आम्ही लांब होतो. मधल्या एका पोऱ्यानं त्यांचं ऐकलं आणि आमच्याकडं तोंड करून ओरडला.

"ताईचा फोन हाये! दुसऱ्या बारीचं धरलं, पास झाली म्हनती!"

बा काठीवर हनुवटी टेकून उभा होता, त्यानं मान वर केली.

"पास म्हंजी काय?" तो मला म्हणाला. मी तीस शब्द, प्रमाणपत्र असं काहीतरी सांगायला लागलो. तोच मग त्या पोऱ्याकडं वळून ओरडला, "नोकरी राहिली का गेली, ते इचार!"

पोऱ्यानं ते ओट्याकडं ओरडून सांगितलं. चुलते फोनमध्ये बोलले. बराच वेळ गेला. मेंढरं चरत होती, त्यांचा तेवढा आवाज येत होता. मग चुलत्यांचा हात पुन्हा वर गेला आणि पोऱ्या आमच्याकडं वळला.

"राहिली!" तो ओरडला. "कचेरीतल्या साहेबानं कागदावर सही केली म्हनं. राहिली!"